रुपया नव्वदपार गेला म्हणून रडायचं का?

वाळूजकर:
काल गावाकडच्या ग्रुपवर एका काकांची पोस्ट आली. "१९४७ ला एका रुपयाला एक डॉलर मिळायचा, आज नव्वद मोजावे लागायलेत, म्हणजे देशाची किंमत नव्वद पट घसरली, खरे भारतीय असाल तर पुढे पाठवा." आमच्या बीकॉमच्या सरांनी पण खाली हात जोडले. तिथं बोललो तर वडिलांना फोन जातो, म्हणून इथं लिहितो, लांबलं तर लांबलं.

४७ ला एकास एक नव्हतंच. रुपया पौंडाला बांधलेला होता, एका पौंडाला तेरा रुपयांच्या वर, त्या हिशेबानं डॉलर सव्वातीनच्या पुढं. १९४९ ला इंग्लंडनं पौंडाची किंमत पाडली, त्याच्यासंगं आपणही रुपयाची, डॉलर ४ रुपये ७६ पैशाच्या हिशेबावर आला. ६ जून १९६६ ला इंदिराबाईंच्या सरकारनं एका फटक्यात साडेसात केला. १९९१ च्या जुलैत तीन दिवसांत दोनदा रुपया पाडला, वरून ४७ टन सोनं गहाण. हे सगळं काकांच्या पोस्टमधी नाही, कारण त्यानं रडू येत नाही.

आणि आकडा मोठा म्हणजे चलन कमजोर हे कुणी शिकवलं? येन डॉलरला दीडशेच्या वर आहे, जपान काय भीक मागायलाय का? कुवेतचा एक दिनार तीन डॉलरच्या वर, म्हणून कुवेत अमेरिकेच्या तिप्पट झाला का? आकडा कुठं आहे त्यापेक्षा किती जोरात घसरला ते बघा. श्रीलंकेचा रुपया २०२२ ला दोन-अडीच महिन्यांत दोनशेवरून साडेतीनशेच्या वर गेला, पेट्रोलला रांगा, औषधं नाहीत. बुडणं त्याला म्हणतात.

उलट मी म्हणतो, थोडा उतरला तर मराठवाड्याचं भलंच आहे. सोयाबीनची पेंड बाहेर जाती, कापसाच्या गाठी जातात, आमच्या वाळूज एमआयडीसीचे पार्ट जातात, तेवढ्याच डॉलरचे जास्त रुपये. बाहेरचं खाद्यतेल महाग पडलं की आपल्या सोयाबीनला भाव. मजबूत रुपया आयफोनवाल्याला पाहिजे, शेतकऱ्याला नाही.

औशाचा सोयाबीनवाला:
वाळूजकर, तुमचं ते येन न् दिनार ठेवा बाजूला, शेवटचा पॅरा लिवताना एकदा लातूरच्या मार्केटला फोन तरी लावायचा की. २०२५ च्या हंगामाचा हमीभाव ५३२८. मी गेल्या बुधवारी १४ कट्टे नेले, ४१५० नं गेलं, ते बी डागी म्हणून नाक मुरडून. सप्टेंबरच्या पुरात तेरणाकाठचं निम्मं रान खरवडून गेलं, जे राह्यलं ते शेंगंतच उगवलं. डॉलर ऐंशीचा नव्वद झाला, तुमच्या शास्त्रानं माझ्या सोयाबीनला पाचशे तरी चढायला पाहिजे व्हते ना? मग कुठं अडकले ते पाचशे? हिंगोलीच्या टोलनाक्यावर का? आणि २०२१ ला एकदा भाव दहा हजाराला टेकला तर केंद्रानं बारा लाख टन पेंड बाहेरून आणायला परवानगी देऊन टाकली, ती बी जीएम, म्हणजे जनुक बदललेल्या बियाण्याची. आम्ही जीएम पेरलं तर गुन्हा, त्यांचं जीएम आमच्या कोंबड्यांना चालतं. रुपया पडो नाही तर उडो, आम्हाला काय फरक पडायलाय ते सांगा.

जालन्याची सळई:
फायदा म्हणणाऱ्यांनी एकदा आमच्या एमआयडीसीत या. सळईला लागणारं भंगार डॉलरमधी येतं. कंटेनर बुक केला तवाचा डॉलर येगळा, माल मुंबईला लागंस्तोर येगळा, मधला फरक आमच्या बोडक्यावर. मग सळई महाग, मग घरकुलवाला आम्हालाच शिव्या घालतो.

वाळूजकर:
सळईवाले, फॉरवर्ड कव्हर नावाची गोष्ट असते, पुढच्या डॉलरचा दर आजच बांधून घ्यायचा, बँकेत विचारा.

जालन्याची सळई:
विचारली. त्याचं प्रीमियम तुम्ही भरता का? मोठ्या कंपनीच्या पर्चेस खात्यात बसून शिकवू नका.

आडतीवरला:
दोघं बी अर्धं अर्धं बोलायलेत. बाहेरचं तेल बंदरावर कितीला पडतं ते नुसतं डॉलरवर नसतं, वरून ड्युटी बसती. सप्टेंबर २०२४ ला कच्च्या खाद्यतेलावरची आयात ड्युटी वाढवून सगळं धरून साडेसत्तावीस टक्के केली. तवा डॉलर ८४ च्या आसपास, म्हणजे एका डॉलरचं तेल आत यायला १०७ रुपये. मे २०२५ च्या शेवटाला तीच ड्युटी साडेसोळावर आणली. आज डॉलर ९० धरा, एका डॉलरचं तेल १०५ ला पडतंय. रुपया सहा रुपयानं पडला आणि तेल आत यायला दोन रुपयानं स्वस्त झालं! कापसाचं बी तेच, ११ टक्के आयात शुल्क ऑगस्ट २०२५ मधी काढलं होतं ते ३१ डिसेंबरपर्यंत. औसेकर, तुमचे पाचशे टोलनाक्यावर नाहीत, दिल्लीत एका नोटिफिकेशनमधी गेले.

आणि सोयाबीन म्हणजे नुसतं तेल नाही. क्विंटलाला तेल अठरा किलो, बाकी पेंडच. पेंडेचा भाव ब्राझील-अर्जेंटिना ठरवतात आणि आता मक्याचं इथेनॉल काढून उरलेला चोथा, डीडीजीएस म्हणतात तो, कोंबडीच्या खाद्यात घुसला. प्लँटवाला पेंड विकून मोकळा होईना, तर तो तुमचं सोयाबीन कशाला वरच्या भावानं घेईल.

औशाचा सोयाबीनवाला:
ड्युटीचा हिशेब पटला. पण आडतवाल्यानं दिल्लीकडं बोट दाखवावं म्हणजे कमालच झाली. मॉइश्चर चौदा टक्के दाखवून वजनातून कटती कापली ती काय डॉलरनं कापली?

आडतीवरला:
मशीन तुमच्यासमोर होतं. ओलं आणायचं आणि वरून बोलायचं.

औशाचा सोयाबीनवाला:
मशीन कुणाचं होतं?

नांदेडची आई:
भांडा निवांत. माझी मुलगी जॉर्जियात एमबीबीएसला आहे, इथं नीटमध्ये सरकारीला चाळीस मार्कांनी हुकली, खाजगीचा आकडा ऐकून घरी दोन दिवस कुणी जेवलं नाही. फी वर्षाला साडेपाच हजार डॉलर. २०२३ ला ८३ नं भरली तेव्हा साडेचार लाखाच्या वर थोडे, या वर्षी त्याच फीला चार लाख पंच्याण्णव. साडेअडतीस हजार जास्त, आणि मुलगी तीच, कॉलेज तेच, फीही तीच. कर्ज मंजूर झालंय रुपयात, ते काही वाढत नाही. वर मोबाईलवर दर दिसतो एक आणि बँक लावते दुसरा, विचारलं तर म्हणे मॅडम तो कार्ड रेट असतो. वाळूजकर सरांना विचारायचंय, "थोडा उतरला तर भलंच" यातलं थोडं म्हणजे किती?

बीड बायपास:
ताई, परदेशात पाठवायला कुणी सांगितलं होतं? बीएएमएसला काय झालं होतं?

नांदेडची आई:
तुमच्या मुलीचं ठरवताना मी सल्ला द्यायला आले होते का? विषय रुपयाचा आहे, तेवढंच बोला.

परांड्याचे मास्तर:
ताईंचा बँकेचा दर वाचून माझे आजोबा आठवले. आमच्याकडे निजामाच्या काळी दोन रुपये चालत, आपला हाली आणि इंग्रजांचा कलदार. सरकारी हिशेब सात हाली बरोबर सहा कलदार. आजोबा ज्वारी-करडई घेऊन बार्शीला जात, बार्शी इंग्रजांच्या मुलखात, बाजारपेठ मोठी. पैसे मिळत कलदार. परत येताना करोडगिरी नाका, म्हणजे निजामाचा जकात नाका, आणि गावात आलं की मारवाड्याच्या दुकानात मीठ-कापड हालीत. कलदार द्यायला गेलं की तो म्हणायचा, आज बट्टा, म्हणजे नाणं बदलायची कपात, जास्त आहे. हाली घेऊन बार्शीत गेलं की तिथला सराफ म्हणायचा, तुमच्या नाण्यात चांदी कमी, बट्टा जास्त. दोन्हीकडून कापणार. दर सरकारी होता, पण कट्ट्यावर बसलेला माणूस सरकारी नव्हता. आजोबा शाळेत गेले नव्हते, पण साताचे सहा तोंडी करत, मी बीएड होऊन कागद घेतो.

बीड बायपास:
मास्तर, बट्ट्याचं सोडा, पण मुद्दा हाच आहे की आपलं स्वतःचं नाणं होतं! निजामाच्या नोटेवर उर्दूसंगं मराठी, तेलुगू, कन्नड पण असायची. स्वतःची रेल्वे, स्वतःची बँक. स्वतःचं चलन म्हणजे स्वतःचा दर. विलीन झालो आणि तवापासून अनुशेष मोजत बसलोय. सगळं पाणी आणि पैसा तिकडं नगर-नाशिकलाच अडतो.

बालाघाटी:
आलाच अनुशेष! माझा आजा करोडगिरी नाके जाळणाऱ्यांत होता, रझाकारांच्या भीतीनं आमचं कुटुंब आठ महिने सोलापुरात राह्यलं. निजाम जगातला श्रीमंत माणूस होता, रयत नव्हती. नोटेवर मराठी होती पण वरची शाळा उर्दूत. आणि तो "स्वतःचा दर" कसला, सातास सहा बांधलेला दर म्हणजे इंग्रजाच्या रुपयाच्या शेपटाला गाठ. तो पडला की हा पडणार.

बीड बायपास:
इतिहास कुणी विचारला नव्हता, मी अर्थकारणाचं बोलायलोय.

बालाघाटी:
तुमच्या अर्थकारणात माझ्या आजाची पाठ फुटली, म्हणून सांगितलं.

परांड्याचे मास्तर:
बांधलेला दर बालाघाटी म्हणतात तसाच होता. फक्त एक दुरुस्ती, निजाम गेला म्हणून हाली गेला नाही. पोलीस अॅक्शन १९४८ ला, पण हाली बाजारात होता, १९५१ ला नवीन काढणं बंद झालं आणि पूर्ण रद्द १९५९ ला. म्हणजे अकरा वर्षं स्वतंत्र भारतात आमच्या बायाबापड्या दोन रुपयांत हिशेब करत होत्या. आजी तर साठीनंतरही "कलदार शंभर" असं म्हणायची, म्हणजे खरे शंभर.

जालन्याची सळई:
इथं डॉलरचा विषय होता का चारमिनारचा?

मिलिंदचा जुना विद्यार्थी:
डॉलरवरच येतो. वाळूजकर, तुम्ही जे "रुपया उतरला तर भलं" म्हणता ते शंभर वर्षं जुनं आहे. बाबासाहेबांनी १९२३ च्या रुपयावरच्या प्रबंधात याचीच चिरफाड केली आणि १९२५ ला इंग्रज सरकारनं चलनावर नेमलेल्या हिल्टन यंग कमिशनपुढं साक्षीतही तेच सांगितलं. तेव्हाही व्यापारी आणि गिरणीवाले म्हणत होते, रुपया स्वस्त ठेवा. बाबासाहेबांचं म्हणणं असं की रुपया उतरला की इथले भाव चढतात, मजुरी त्या वेगानं चढत नाही, म्हणजे व्यापाऱ्याला जो नफा दिसतो तो परदेशातून आलेला नसतो, मजुराच्या ताटातून काढलेला असतो. देशाचा फायदा म्हणायच्या आधी विचारा, देशातल्या कुणाचा? माझी आई सोयाबीन काढायला रोजानं जायची. डिझेल वाढलं, तेलाचा पुडा वाढला, तिचा रोज कधी डॉलरकडं बघून वाढला नाही.

वाळूजकर:
बाबासाहेब तेव्हा नुसत्या दरावर नाही, रुपया सोन्याला कसा बांधायचा यावर वाद घालत होते. संदर्भ वेगळा होता.

मिलिंदचा जुना विद्यार्थी:
चौकट वेगळी होती, मजूर तोच आहे. तुम्ही चौकटीवर बोला, मी रोजावर बोलतो.

औशाचा सोयाबीनवाला:
आता खताचं बी बोला की. डीएपी १३५० ला मिळतं म्हणून समजायचं की स्वस्त आहे, पण पोटॅश सगळं बाहेरून, डीएपीचा माल बी बाहेरून. रुपया पडला की सरकारला सबसिडी जास्त, मग खत येतच नाही येळेवर. औंदा पेरणीला मी दोन गोण्यासाठी तीन दिवस फिरलो आणि दुकानदारानं वरून नॅनो खताची बाटली गळ्यात मारली. पिशवीवरचा भाव नाही वाढला, पिशवीच गायब झाली!

वाळूजकर:
बरं, खरं सांगतो, मग म्हणा काय म्हणायचं ते. आमच्या कंपनीची निर्यात आहे. रुपया ८५ च्या पुढं गेला त्याच महिन्यात तिकडच्या खरेदीदाराचा मेल आला, तुमचं चलन उतरलंय, आता चार टक्के कमी करा. दोन वर्षाचा करार, नाही म्हणता येईना. शिवाय आमचा कच्चा माल अर्धा डॉलरशी बांधलेला. वरून ऑगस्ट २०२५ अखेर अमेरिकेनं पन्नास टक्के टॅरिफ, म्हणजे आयात कर, लावलं होतं, तिथं रुपयाची पाच-सहा टक्क्यांची सूट म्हणजे हत्तीच्या पाठीवर मुंगी. दिवाळीला आम्हाला मिठाईचा डबा आला, तो पण अर्ध्या किलोचा. तेव्हा "मराठवाड्याचं भलंच" हे वाक्य मागं घेतो. "भलं होऊ शकलं असतं, मधल्यांनी होऊ दिलं नाही" असं वाचा.

पण काकांची पोस्ट खोटीच आहे. ते मागं घेणार नाही.

नांदेडची आई:
एवढं मान्य करायला हत्ती, मुंगी न् डबा मधे आणावा लागला. चालतंय. पोस्ट खोटी, माझे साडेअडतीस हजार खरे.

आडतीवरला:
"मधल्यांनी" मधी आम्ही येतो का?

औशाचा सोयाबीनवाला:
तुम्ही मधले नाही, तुम्ही कडचे. कटती कडनं कापतात.

परांड्याचे मास्तर:
आत्ता आजोबांची पेटी उघडली. एक हाली सापडला, चारमिनार अजून स्पष्ट दिसतोय, मागची बाजू झिजली आहे. नातू विचारतोय आज याचे किती येतील. सराफाकडे नेला तर तो चांदी कमी म्हणणार, हे मला आधीच माहीत आहे.

औशाचा सोयाबीनवाला:
मास्तर, सराफाकडं नका नेऊ. उद्या मी १० कट्टे घेऊन मार्केटला चाललोय, तुमचा हाली द्या, आडतीवरल्याला मॉइश्चर लावून दाखवू.

आडतीवरला:
या या. सुकवून आणा फक्त. सोयाबीन बी आणि हाली बी.