उत्तर: फोनवर काढलेली फिल्म 'स्वस्त' का दिसते?

'फोनवर शूट केलं की शाळेच्या गॅदरिंगसारखंच दिसणार' असं या चर्चेत वर कुणीतरी लिहिलंय, ते अर्धंच पटलं. अमेरिकी दिग्दर्शक शॉन बेकरने 'टॅन्जरिन' (२०१५) ही फिल्म आयफोन ५एसवर काढली, वर एक वेगळी लेन्स जोडून. मग दोष फोनचा कसा? आम्ही नागपुरात हॉस्टेलच्या खोलीत एक विनोदी शॉर्टफिल्म केली. मित्राचे वऱ्हाडी संवाद फक्कड जमले होते, पण बघणारे हसायच्या ऐवजी विचारायचे, 'अबे, मागच्या भिंतीवर ते काळे पट्टे काहून सरकून राहिले?'

त्याचं कारण इथे कुणी लिहिलेलं नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या चोकची ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते. डोळ्याला कळत नाही, पण फोनचा सेन्सर चित्र ओळीओळीने वाचतो आणि मध्ये सापडलेल्या मंद क्षणांचे पट्टे होतात. उपाय फुकटचा आहे: मॅन्युअल मोडचं (सेटिंग आपल्या हाताने ठरवता येणारं) अ‍ॅप घ्या, शटर (प्रत्येक फ्रेमसाठी सेन्सर किती वेळ प्रकाश घेतो ते) १/५० किंवा १/१०० सेकंदावर पक्कं करा आणि सेकंदाला २५ फ्रेम्स ठेवा. बाहेर मात्र हाच आकडा धरून बसू नका. बहुतेक फोनचं अ‍ॅपर्चर (लेन्सचं प्रकाश आत घेणारं भोक) बदलता येत नाही, त्यामुळे मे महिन्यात नागपूरच्या फुटाळा तलावावर दुपारी १/५० ला सगळं पांढरंफटक येतं (तसंही त्या उन्हात शूटिंगला कोण जातं म्हणा). तिथे शटरचा वेग वाढवा, नाहीतर एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी गडद काच) लावा. आणि नवीन फोनसाठी पैसे साठवत असाल तर आधी कॉलर माइक घ्या. संवादच ऐकू आला नाही तर विनोदावर हसणार कोण?