चर्चा: टाका सुटला की थेट हुकाला हात घालायचा का?

बॅगवाला_सुभाषनगर
वॉकिंग फूट मशीन (जाड माल वरच्या फूटनंही पुढं सरकवणारी शिलाई मशीन) टाका सोडायला लागली, म्हणजे मधेच टाका पडेनासा झाला, की आपल्याकडं पहिला स्क्रू ड्रायव्हर हुकावर, म्हणजे खाली सुईचा दोरा पकडणाऱ्या भागावर, चालतो. ही सवय मोडली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

गेल्या महिन्यात बॅगेचा पट्टा जोडताना, चार पदर एकत्र येतात नेमके तिथंच टाके सुटायला लागले. मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी आल्या आल्या प्लेट काढली, हुक सैल केला आणि अडीच तास टायमिंग (सुई आणि हुकाच्या वेळेचा मेळ) लावलं. ते गेले आणि पुन्हा तेच. रात्री दिव्याखाली सुई धरून बघितली. दोरा १३८ नंबरचा नायलॉन आणि सुई १८ ची! दोरा ओढला तर नेढ्यातून अडखळत येत होता, बाहेर येईतो त्याला लव सुटलेली. २२ ची सुई लावली, पण तोवर हुक जागचा हललेला. तो परत जागेवर आणण्यात दुसरा दिवस गेला.

आधी सुई आणि तिची दिशा (खाच हुकाच्या बाजूलाच हवी), मग दोरा, फूटचा (माल दाबून धरणाऱ्या पायाचा) दाब, त्याची उचल. हुक सगळ्यात शेवटी.

मिस्त्री_उद्यमनगर
दादा, तुमचं नुकसान झालं ते वाईटच. पण त्यावरून नियम करू नका. इथं बऱ्याच मशीन जुन्या घेतलेल्या असतात. आधीच्या मालकाला १३५×१७ (या मशीनची लांब सुई) मिळाली नाही की तो आखूड डीपी×५ सुई लावतो आणि सुईदांडी (सुई जिच्यात बसते ती) खाली उतरवून काम भागवतो. अशा मशीनला तुम्ही तुमच्या क्रमानं बरोबर लांबीची नवी सुई लावली, तर ती खाली जाऊन आपटते. हुकाचं टोक गेलं म्हणजे खर्च केवढा, ते तुम्हाला माहीत आहे.

म्हणून मी टायमिंग आधी बघतो. सुई तळाला जाऊन साधारण २ मिमी वर आली, की हुकाचं टोक सुईच्या मधोमध आणि नेढ्याच्या थोडं वर यायला पाहिजे. चाक हातानं फिरवलं की दोन मिनिटांत कळतं.

ताडपत्री_गांधीनगर
सुई-हुकाच्या भांडणात फूट राहिलाच की. ताडपत्रीची दुमड आली की माझा टाका दाबामुळं सुटायचा. दाब कमी असला की सुई वर येताना माल तिच्याबरोबर चढतो, दोऱ्याचा फास तयारच होत नाही, मग हुक पकडणार काय? दाब वाढवला, दोन्ही फूटची उचल वाढवली, काम झालं. फक्त उचल वाढवली की मशीन सावकाश चालवायची, नाहीतर सगळा सांगाडा हादरतो.

पट्टेवाली_जवाहरनगर
ताडपत्रीला दाब चालतो हो, मऊ लेदरला नाही. सगळ्यांनीच दाब वाढवा म्हणून सांगू नका. माझ्या पर्सच्या आतल्या बाजूला दात्यांचे (माल खालून सरकवणाऱ्या दातांचे) ओरखडे उठले, सहा नग बाजूला टाकले. मी दाब उतरवला आणि जोडाच्या कडा पातळ करून घेतल्या. चपलेला वादीनं हातानं शिवतात तिथं हा प्रश्नच नसतो, पर्सला मात्र वर-खाली दोन्हीकडं चेहरा असतो.

बॅगवाला_सुभाषनगर
मिस्त्री, आखूड सुईचं माझ्या ध्यानात नव्हतं, ते मानलं. नवी सुई लावली की पहिलं चाक हातानंच फिरवायचं, हे माझ्या क्रमात घालतो. पण तुम्ही सांगताय ते टायमिंग *बघणं*. माझी तक्रार न बघता स्क्रू सैल करण्याबद्दल आहे. दोरा अडकून मशीन जाम झाली की खालच्या शाफ्टवरचा सेफ्टी क्लच (जादा जोर आला की हुक मोकळा करणारा जोड) सुटतो आणि हुक भलत्याच जागी थांबतो. ज्या मशीनला तो आहे, तिथं बटण दाबून चाक जोर लावून फिरवलं की टक्‌ करून पुन्हा बसतो. तिथंही हुकाचे स्क्रू सैल केलेले मी बघितलेत.

मिस्त्री_उद्यमनगर
क्लचचं बरोबर आहे. आणि सैल करायचंच झालं तर आधी हुक आणि शाफ्टवर सुईनं एक बारीक रेघ ओढून ठेवावी, मी तरी ओढतो. तुमच्या मशीनला तो क्लच आहे का? आणि सुईदांडी आधी कुणी हलवलेली दिसते का? दोन्ही बघून इथं लिहा, मग २२ ची सुई आणि हुकाचं टोक यांत फट किती ठेवायची ते सांगतो.