2004 सालच्या विवाह नोंदीची प्रमाणित प्रत ग्रामपंचायतीकडून कशी मिळवावी?

कयाधूकाठ (हिंगोली) :

नमस्कार. माझे थोरले बंधू जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. गेल्या श्रावणात त्यांचे निधन झाले. वहिनींच्या कुटुंब निवृत्तिवेतनाच्या प्रस्तावासाठी विवाह नोंदणीचा दाखला मागितला आहे, कारण लग्नात त्यांचे नाव बदलले होते आणि सेवापुस्तकातले नाव त्यांच्या शाळेच्या टी.सी.वरील नावाशी जुळत नाही. नोंदणी 2004 साली आमच्या गावच्या ग्रामपंचायतीत झाली हे मला पक्के आठवते, कारण तीन साक्षीदारांपैकी एक मीच होतो. मूळ दाखला घर बदलताना गहाळ झाला. ग्रामपंचायतीत गेलो तर "जुने दप्तर सापडत नाही, नव्याने नोंदणी करून टाका" असे उत्तर मिळाले, आणि भाऊ हयात नाहीत हे सांगितल्यावर "मग बघू" म्हणाले. अशा वेळी नेमका अर्ज कशाचा करावा?

निवृत्त विस्तार अधिकारी (परभणी) :

सर्वप्रथम, नव्याने नोंदणी करण्याचा विचार सोडून द्यावा. 1998 च्या महाराष्ट्र विवाह मंडळांचे विनियमन व विवाह नोंदणी अधिनियमाखाली जे ज्ञापन द्यावे लागते, म्हणजे ज्याला आपण 'नमुना ड' म्हणतो, त्यावर पती व पत्नी दोघांच्याही सह्या लागतात. त्यामुळे आपल्या बाबतीत तो मार्गच बंद आहे. दोघे हयात असते तरी एकाच लग्नाच्या दोन नोंदी आणि दोन वेगवेगळ्या नोंदणी दिनांक निर्माण करून ठेवणे म्हणजे उद्याच्या तपासणीला स्वतःहून निमंत्रण देणे होय.

आपल्याला हवी आहे ती आधीच असलेल्या नोंदीची प्रत. येथे तीन गोष्टींची गल्लत होते. दाखल्याची दुबार प्रत निराळी, विवाह नोंदवहीतील नोंदीचा प्रमाणित उतारा निराळा आणि कोणा राजपत्रित अधिकाऱ्याने शिक्का मारलेली साक्षांकित झेरॉक्स तर अगदीच निराळी. अर्जात पहिल्या दोन्ही गोष्टी स्पष्ट शब्दांत मागाव्यात. नुसते "दाखला मिळावा" असे लिहिले की समोरचा कर्मचारी आपल्या सोयीचा अर्थ काढतो, हे मी नोकरीत असताना पुष्कळदा पाहिले आहे.

अर्जात पती-पत्नीची लग्नापूर्वीची व नंतरची नावे, विवाहाचे ठिकाण, साक्षीदारांची नावे आणि नोंदणीचा अंदाजे काळ द्यावा. काळ एका वर्षापुरता न ठेवता 2003 ते 2006 असा सैल ठेवावा, कारण लग्नाचे वर्ष आणि नोंदणीचे वर्ष यांत आपली स्मरणशक्ती हमखास फसते. अर्ज आवक नोंदवहीत चढवून दिनांकासह पोच घ्यावी. तोंडी विचारणेला "सापडत नाही" हे तोंडी उत्तर फुकट मिळते; पोच हातात असली की तेच उत्तर लेखी द्यावे लागते. ग्रामसेवक बदलतात तेव्हा (आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी असे झाले आहे) कार्यभाराच्या यादीत दप्तराची नोंद असते. नोंदवही खरोखरच गहाळ असेल, तर ती शेवटी कोणी कोणाच्या ताब्यात दिली हे त्या यादीवरून निघते. ती यादी तपासण्याची विनंती करणारा दुसरा अर्ज पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांकडे द्यावा.

दप्तर दुसरीकडे गेले असण्याचीही शक्यता असते. सेनगाव, औंढा नागनाथ यांसारख्या तालुक्याच्या गावांच्या नगरपंचायती झाल्या, तेव्हा नोंदी तिकडे गेल्या. गट ग्रामपंचायत विभागली गेली असेल, तर जुन्या नोंदवह्या बहुधा मूळ ग्रामपंचायतीतच राहतात.

गोदाकन्या (नांदेड) :

वहिनींच्या माहेरच्या ग्रामपंचायतीतही एकदा विचारून पाहावे. माझ्या मावशीची नोंद आम्ही दोन महिने सासरी शोधली आणि ती निघाली माहेरी.

वकिलीचा उमेदवार (छत्रपती संभाजीनगर) :

वरील उत्तरात थोडी कायदेशीर भर घालतो. प्रमाणित प्रत म्हणून हातात पडलेला प्रत्येक कागद तसा असतोच असे नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 75 नुसार प्रतीच्या तळाशी ती खरी नक्कल असल्याचा शेरा, दिनांक, अधिकाऱ्याची सही, त्याचे नाव व पदनाम आणि कार्यालयाची मोहोर असावी लागते. पूर्वी हीच तरतूद 1872 च्या पुरावा कायद्याच्या कलम 76 मध्ये होती. खिडकीवरून हलण्यापूर्वी या गोष्टी तपासाव्यात. विशेषतः सही असते, पण नाव आणि पदनाम राहून जाते.

उतारा नोंदवहीबरहुकूम असला पाहिजे. जुन्या नोंदीत जिल्हा 'उस्मानाबाद' असेल, तर उताऱ्यातही तेच यायला हवे. लिपिकाने सद्भावनेने 'धाराशिव' केले तरी ती खरी नक्कल राहत नाही. नावांचेही तसेच.

नोंद दुय्यम निबंधक कार्यालयात हिंदू विवाह अधिनियम, 1955 खाली झालेली असती, तर कलम 8 प्रमाणे ती नोंदवही पाहण्यास खुली असते आणि फी भरून प्रमाणित उतारा मिळतो. आपली नोंद ग्रामपंचायतीची असल्याने महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 अधिक उपयोगाचा ठरेल, कारण विवाह नोंदणी दाखला ही ग्रामपंचायतीची अधिसूचित सेवा आहे आणि मुदतीत सेवा न मिळाल्यास अपील करता येते. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करता येईल, मात्र विवाहाची नोंद ही वैयक्तिक माहिती म्हणून नाकारली जाऊ शकते. म्हणून तो अर्ज वहिनींच्याच सहीने द्यावा. दप्तर कोणाच्या ताब्यात आहे एवढेच विचारायचे असेल, तर मात्र हा मार्ग उत्तम.

कयाधूकाठ (हिंगोली) :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वहिनींच्या सहीने अर्ज देऊन पोच घेतली. एकविसाव्या दिवशी नोंद सापडली, आणि ती 2005 च्या नोंदवहीत. लग्न डिसेंबरातले असल्याने नोंदणी जानेवारीत झाली होती. माझे "पक्के आठवते" खोटे ठरले. नोंदवही पाण्याच्या टाकीच्या बिलांच्या गठ्ठ्यात होती. उताऱ्यावर वहिनींची माहेरची व सासरची दोन्ही नावे आली आहेत. पहिल्या प्रतीवर पदनामाचा शिक्का नव्हता, तो तेथेच मारून घेतला. प्रस्ताव काल गटशिक्षणाधिकारी कार्यालयात दाखल केला असून त्याचीही पोच घेतली आहे.