मदत हवी आहे: बेस्ट प्रॉक्सिमिटी पॉइंटच्या सिद्धतेत कॉशीपाशी अडलेय

नमस्कार मंडळी. मी कोपरखैरण्याला ज्युनियर कॉलेजात गणित शिकवते. आमच्या शिक्षकांच्या अभ्यासगटात येत्या शनिवारी मला फिक्स्ड पॉइंटवर, म्हणजे फलन लावूनही जागच्या जागी राहणाऱ्या बिंदूवर, बोलायचंय. बानाखचं १९२२ चं, अंतरं आकसवणाऱ्या फलनांबद्दलचं प्रमेय पक्कं आहे. अडलेय त्याच्या पुढे.

अ आणि ब या दोन संचांमधलं कमीत कमी अंतर ड, शून्याहून मोठं. ट हे फलन अ मधल्या बिंदूला ब मध्ये नेतं, ब मधल्याला अ मध्ये. मुलुंडचा काठ आणि ऐरोलीचा काठ समजा. दरवेळी खाडी ओलांडायचीच म्हटल्यावर जागच्या जागी राहणारा बिंदू मिळणारच नाही. मग शोधायचा तो असा बिंदू, ज्याचं पलीकडे गेल्यावरचं अंतर नेमकं ड भरेल. हाच बेस्ट प्रॉक्सिमिटी पॉइंट.

एल्ड्रेड आणि वीरमणी यांची २००६ ची अट अशी: क्ष अ मधला, य ब मधला, तर ट लावल्यावरचं नवं अंतर हे जुन्या अंतराची क पट अधिक ड ची (१ − क) पट, याहून जास्त नको. क एकाहून लहान. मी अ = १ ते २, ब = −२ ते −१ घेतलं. अ मधल्या क्ष ला −(क्ष+१)/२ वर नेलं, ब मधल्या य ला −(य−१)/२ वर. २ पासून निघाले: −१.५, १.२५, −१.१२५... एकीकडे १, दुसरीकडे −१. ड = २, अगदी बरोबर!

सिद्धतेत लागोपाठच्या दोन पदांमधलं अंतर ड कडे जातं, हे दोन ओळींत निघालं. पण अ मधली पदं कॉशी आहेत, म्हणजे पुढे पुढे एकमेकांच्या हवी तितकी जवळ येतात, हे दाखवताना त्रिकोण असमानता लावली तर एकाआड एक पदांमधलं अंतर फार तर २ड, एवढंच हाती येतं. काल ट्रेनमध्ये रबाळ्यापासून घणसोलीपर्यंत तीच ओळ तीनदा खोडली. बानाखमध्ये ड शून्य म्हणून सुटतं. इथे काय करायचं?

खाडीकाठ: ताई, तुमची ओळ चुकलेली नाही. नुसत्या मेट्रिक स्पेसमध्ये, म्हणजे फक्त अंतर ठरवलेल्या संचात, ते खरंच होत नाही. प्रतलात दोन निर्देशकांच्या फरकांपैकी मोठा फरक म्हणजे अंतर, असं धरा. अ ही ० वरची उभी रेघ, उंची ० ते १. ब तशीच, १ वर. इकडचा कुठलाही आणि तिकडचा कुठलाही बिंदू घ्या, अंतर १ च. म्हणजे कुठलंही ट अट पाळतं. आता जाताना उंची उ ची १ − उ करा, येताना आहे तीच ठेवा. ०.२ वरून निघालात की अ मध्ये ०.२, ०.८, ०.२, ०.८, असंच चालू राहणार. नेहमीचं अंतर घेतलंत तर हेच ट अट मोडतं: तळाच्या समोरासमोरच्या बिंदूंमधलं १ हे वर्गमूळ २ होतं.

म्हणून एल्ड्रेड-वीरमणींच्या प्रमेयात स्पेस युनिफॉर्मली कॉन्व्हेक्स बानाख आहे (तिथला गोल सगळीकडे फुगीर, कुठेही सपाट नाही), आणि अ, ब बंद व कॉन्व्हेक्स (आतल्या कुठल्याही दोन बिंदूंना जोडणारी रेघ आतच). ब मधल्या एकाच बिंदूपासून अ मधली दोन पदं जवळपास ड वर आहेत ना? ती एकमेकांपासून लांब राहिली तर त्यांचा मध्यबिंदू ड पेक्षा जवळ येईल. पण तो अ मध्येच आहे, आणि ड हे तर कमीत कमी अंतर! तुमचा २ड तिथे तुटतो.

धागाकर्ती: मनापासून आभार. मध्यबिंदू अ मध्ये राहायला हवा म्हणून कॉन्व्हेक्सची अट, हे आता कळलं. मी ती नुसती वाचून पुढे गेले होते. ती काढून पाहिली: ब मध्ये फक्त ०, अ मध्ये फक्त १ आणि −१. दोघांना ० वर पाठवलं, ० ला १ वर. ड = १, अट पाळली जाते, आणि १ व −१ दोन्ही बेस्ट प्रॉक्सिमिटी पॉइंट. म्हणजे असा बिंदू एकच, ही प्रमेयातली एकमेवता गेली. शनिवारी फळ्यावर आधी हेच मांडते, मग तुमच्या दोन रेघा.