कोळशाच्या गॅसवर सॉलिड ऑक्साइड सेल: पडलेलं व्होल्टेज परत येत नाही

भट्टी८००: सॉलिड ऑक्साइड सेल, म्हणजे इंधनाच्या गॅसपासून थेट वीज करणारा सिरॅमिक सेल. माझा छोटा बटण सेल, ॲनोड (इंधनाकडचं इलेक्ट्रोड) निकेल आणि वायएसझेड या झिर्कोनिया सिरॅमिकचा, 800 अंश सेल्सिअस, 0.25 अँपिअर प्रति चौ. सेंमी. हवेवर चालणाऱ्या गॅसिफायरचा (कोळशापासून गॅस करणाऱ्या भट्टीचा) गॅस: कार्बन मोनॉक्साइड 21 टक्के, हायड्रोजन 16, थोडा मिथेन, बाकी नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड. वाटेत 380 अंशांवर गंधक धरणारा झिंक ऑक्साइडचा बेड (दाण्यांचा थर), पुढे हायड्रोजन सल्फाइड हा गंधकाचा वायू 1 पीपीएमच्या (दहा लाखांत एक भाग) आत. तरी 120 तासांत व्होल्टेज 0.80 वरून 0.73 वर आलं. 24 तास शुद्ध हायड्रोजन दिला, फरक नाही. बेडमधून गंधक निसटतोय का?

निकेलजाळी: गंधकाची चाल अशी नसते. तो निकेलच्या पृष्ठभागाला चिकटतो, व्होल्टेज लगेच खाली येतं, मग स्थिरावतं, आणि स्वच्छ हायड्रोजन दिला की बरंचसं भरून येतं. हळूहळू झिजणं आणि परत न येणं म्हणजे माझा पहिला संशय फॉस्फरस किंवा आर्सेनिकवर. ते निकेलशी संयुगं करतात, धातूच खाऊन टाकतात. झिंक ऑक्साइडच्या भरवशावर त्यांना सोडू नका. त्यामागे तांब्याचा शोषक बेड लावा. शिवाय सेलच्या आधी गरम भागात निकेलची जाळी ठेवा. विष आधी तिच्यावर बसेल, आणि ती काढून तपासताही येते.

वाफ_आधी: त्याआधी दोन गोष्टी बघा. गॅसमध्ये वाफ किती? सेलपर्यंत तापताना तो 450 ते 650 अंशांतून जातो, तिथेच कार्बन मोनॉक्साइडची काजळी धरते आणि स्टीलची नळीही झिजते. बबलर (गॅस पाण्यातून बुडबुडत नेणारं भांडं) 68 अंशांवर ठेवलात तर सुमारे 28 टक्के वाफ मिळते. पुढची नळी 100 च्या वर तापती ठेवा, नाहीतर पाणी साचून व्होल्टेज उड्या मारेल. मात्र वाफ झिंकच्या बेडनंतरच सोडा, आधी सोडली तर बेडमधून सुटणारा हायड्रोजन सल्फाइड वाढतो.

दुसरं, हवेच्या बाजूला उघडं स्टेनलेस स्टील आहे का? स्टीलमधल्या क्रोमियमची वाफ कॅथोडवर (हवेकडच्या इलेक्ट्रोडवर) बसली तरी घसरण अशीच दिसते. तसाच दुसरा सेल, त्याच जोडणीत, नुसत्या हायड्रोजनवर तितकेच तास चालवा. तोही पडला तर कोळशाचा दोष नाही.

निकेलजाळी: बरोबर, तो सेल आधी लावा. आणि हा सेल उघडायचा असेल तर थंड करताना नायट्रोजनमध्ये 5 टक्के हायड्रोजन शेवटपर्यंत चालू ठेवा. गरम निकेलला हवा लागली की त्याचा ऑक्साइड होऊन ॲनोड फुगतो, तडकतो, पुरावाही जातो. छेद घेतल्यावर गॅस आत शिरतो तो पृष्ठभाग आधी पाहा; फॉस्फरस-आर्सेनिक तिथूनच आत सरकत जातात. हातमोजे घालूनच.