मदत हवी आहे: काळ्या पक्ष्याचा फोटो नुसता काळा येतो, कोणता कॅमेरा घ्यावा?

घाईत_आहे:
गॅलरीत रोज सकाळी एक छोटा काळा पक्षी येतो. फोटो काढला की नुसती सावली. मोबाईल चांगला आहे, ५० मेगापिक्सलचा. सोसायटीच्या स्पर्धेला रविवारपर्यंत फोटो द्यायचाय, त्याआधी कॅमेरा घेऊनच टाकतो. तीसेक हजारांत कोणता? नेमकं नाव सांगा, "कशाला हवाय" वगैरे नको.

तळेगावकर:
छोटा म्हणजे केवढा? शहर कोणतं? पक्षी तुमच्यापासून किती लांब? गॅलरी कोणत्या दिशेला?

लेन्सवाला:
डोळे झाकून निकॉनचा पी९००. ८३ पट झूम. जुना बघा, बजेटमध्ये बसेल. मी आमच्या गच्चीवरून पलीकडच्या उंबरावरचा धनेश टिपलाय, पापणीचे केस मोजून घ्या.

घाईत_आहे:
जुना कुठे मिळेल?

सुमनताई:
दयाळ असणार. आमच्याकडे सावंतवाडीला पहाटे काय सुरेख शीळ घालतो! कठड्यावर मूठभर बाजरी ठेवत जा, पक्षी येतील.

घाईत_आहे:
ताई, बाजरी ठेवून झाली. कबुतरं आली. ह्याला पांढरं कुठेच नाही, चिमणीहून लहान आहे, चोच बारीक आणि खाली वळलेली. जास्वंदीच्या फुलाला लटकतो. कोथरूड.

पारसिक:
बाजरी टाकणाऱ्यांनी आधी कबुतरांच्या विष्ठेने फुप्फुसांचं काय होतं ते वाचावं. दादरचा कबुतरखाना झाकला तेव्हा केवढा गहजब झाला! आमच्या ठाण्यात सोसायटीने...

सुमनताई:
मी कबुतरांसाठी म्हटलंच नव्हतं. मूठभर बाजरीवरून दादरला कशाला जाता?

तळेगावकर:
कबुतरांसाठी वेगळा धागा काढा, तिथे भांडू. बाकदार चोच आणि जास्वंद म्हणजे हा जांभळा शिंजीर, नर. काही जण सूर्यपक्षी म्हणतात. जास्वंद मोठी पडते म्हणून तो बऱ्याचदा फुलाला बुडाशी भोक पाडून मध पितो, बघा पाकळ्यांच्या देठाशी खुणा दिसतील. आणि तो काळा नाहीच. त्याचा निळा-जांभळा रंग पिसांच्या रचनेमुळे चमकतो, प्रकाश तुमच्या बाजूने पडला तरच दिसतो. पाठीमागून ऊन असेल तर लाखाचा कॅमेराही काळाच फोटो देईल. दिशा??

घाईत_आहे:
पूर्व.

तळेगावकर:
आणि येतो सकाळी! म्हणजे तुम्ही थेट सूर्याकडे तोंड करून फोटो काढताय. जास्वंदीची कुंडी गॅलरीच्या एका टोकाला सरकवा, तुम्ही दुसऱ्या टोकाला बसा. गॅलरीच्या लांबीत फोटो काढला की ऊन बाजूने पडेल. मोबाईलवर पक्ष्याला बोट लावा, शेजारी सूर्याचं चिन्ह येतं ते थोडं वर सरकवा. मागचं आकाश पांढरं फटक होईल, होऊ दे.

लेन्सवाला:
मोबाईलवर झूम केला की पिसांचा लगदा होतो. हे सगळे जुगाड. पी९०० नको तर पी१००० घ्या, १२५ पट.

तळेगावकर:
अहो, पक्षी किती अंतरावर आहे हे त्यांनी अजून सांगितलेलं नाही.

घाईत_आहे:
पाच फूट असेल. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून काढतो. काच बंद असते, बाहेर कबुतरांची जाळी आहे. याने काही फरक पडतो का?

लेन्सवाला:
जाळी?? काच??

तळेगावकर:
लेन्सवाले, तुमचा पी९०० पूर्ण झूमला ५ मीटरच्या आत फोकसच करत नाही. पाच फुटांवरच्या पक्ष्याला तो काय कामाचा? काच उघडा, मोबाईल जाळीला टेकवून एका चौकोनातून काढा, नाहीतर फोकस जाळीवरच बसतो.

जर्सीकर:
आमच्याकडे न्यू जर्सीत लाल फीडर लावतात. एक भाग साखर, चार भाग पाणी. गुंजनपक्षी (हमिंगबर्ड) रांग लावतात! तुम्हीही लावा.

पावशी:
+१

तळेगावकर:
-१. गुंजनपक्षी भारतात नाहीत, आणि आपल्या मार्चच्या उन्हात साखरपाणी चटकन आंबतं, बुरशी धरते. रोज धुणार कोण? जास्वंद आहेच, जागा असेल तर हमेलियाचं झुडूप लावा.

घाईत_आहे:
साखर नको, मुंग्या होतात. कुंडी सरकवली असती, पण त्या टोकाला कपड्यांची तार आहे. तिथे एका पिवळ्या चिमणीने जळमटांचा कचरा लोंबकळवून ठेवलाय. उद्या मावशी झाडायला येतील तेव्हा काढायला सांगितलंय, मग सरकवतो.

पावशी:
थांबा थांबा थांबा! तो कचरा लांबुडका, बाजूला भोक आणि भोकावर छप्परासारखं काही?

घाईत_आहे:
हो. तुम्हाला कसं कळलं?

पावशी:
ती चिमणी नाही, त्याच नराची मादी! ते घरटं आहे. कोळ्याच्या जाळ्याने गवत, साली, अळ्यांची लेंडं चिकटवून मादी एकटी बांधते. मावशींना आत्ताच फोन करा.

तळेगावकर:
आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात रानपक्ष्याचं घरटं किंवा अंडी बिघडवणं ही शिकारच धरली जाते.

पारसिक:
मग आमच्या वळचणीला कबुतरं घरटी करतात तिथे कायदा कुठे जातो?

घाईत_आहे:
मावशींना सांगितलं. पण मी कपडे कुठे वाळत घालू? आणि किती दिवस?

पावशी:
अंडी असतील तर उबवायला दोनेक आठवडे, पिल्लं उडायला साधारण तेवढेच. कपडे आत वाळवा. तारेला धक्का नको.

लेन्सवाला:
उलट संधी आहे. घरट्याचाच फोटो घ्या, पिल्लांना भरवतानाचा. स्पर्धा जिंकलीच म्हणून समजा.

पावशी:
अजिबात नाही! तुम्ही ताटकळत उभे राहिलात की मादी आत जात नाही, आणि तुमचं लक्ष कुठे आहे ते कावळा बघत असतो. जुनेजाणते पक्षीनिरीक्षक घरट्याचे फोटो टाळतात. फ्लॅश तर नाहीच नाही.

लेन्सवाला:
पाच फुटांवरून मोबाईलने काही होत नाही हो. सगळं जग काढतंय.

पावशी:
जग काढतं म्हणून?

तळेगावकर:
वाद पुरे. कुंडी दुसऱ्या टोकाला, म्हणजे घरट्यापासून लांब सरकवा. तुम्ही घरट्याच्या टोकाला न बसता स्वयंपाकघराच्या दारात, आत खुर्ची टाका. ऊन थोडं तिरकं मिळेल, पण मिळेल. नर घरटं बांधत नसला तरी आसपास राहतो, पिल्लांना भरवायलाही येतो, त्यामुळे जास्वंदीवर भेटेलच.

घाईत_आहे:
आज सकाळी तसं केलं. निळा दिसला! गळ्याखाली तांबूस पट्टाही आहे. पण डोकं हललंय, सगळेच फोटो पुसट.

तळेगावकर:
तो क्षणभर स्थिर नसतो. बटण दाबून धरा, एकदम वीसेक फोटो निघतात, एखादा जमतो. भरपूर ऊन असतानाच.

घाईत_आहे:
ठीक. तरी कॅमेरा घ्यायचा झाला तर कोणता?

लेन्सवाला:
आता कसं बोललात!

एक_वाटसरू:
अवांतर होईल, पण दोन आठवडे एक दयाळ माझ्या गाडीच्या आरशावर टोचा मारतोय, आरसा घाण करून ठेवतो. काही उपाय?

सुमनताई:
आला की नाही दयाळ!

पावशी:
आरशात त्याला दुसरा नर दिसतो. गाडी उभी केली की आरशावर जुना मोजा चढवा.