पाचवीतली मुलं धडा पाठ म्हणतात, पण वाचता येत नाही. मदत हवी आहे

नमस्कार. मी बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या सरकारी मराठी शाळेत शिकवते. पाचवीत काही मुलं अशी आहेत की पुस्तक उघडलं की धडा घडाघडा म्हणतात. तोच धडा मधूनच वाच म्हटलं, किंवा त्यातलेच शब्द फळ्यावर सुटे लिहिले, की गप्प. सगळं ऐकून पाठ झालेलं. मुलं हुशार आहेत, गोष्ट सांगितली तर नेमकी उत्तरं देतात, बाजारचा हिशेब तोंडी करतात. म्हणून जास्त जीव तुटतो.

सुटी अक्षरं येतात. अडतात ती पहिल्या वेलांटीला आणि जोडाक्षरांना. 'किती'तली वेलांटी आधी दिसते, म्हणून 'इकती' वाचतात. जोडाक्षरांचं मला वाटतं आपल्या भागात जरा वेगळं आहे. ही मुलं कन्नडही शिकतात. कन्नडमध्ये 'पुस्तक' लिहिताना स पूर्ण राहतो आणि त खाली ओत्तक्षर होऊन येतो. आपल्याकडे स अर्धा, त पूर्ण. दोन्ही लिप्या यायलाच हव्यात, पण हे लक्षात घेऊन शिकवायचं कसं?

नली-कलीची, म्हणजे कर्नाटकातल्या कृतीतून शिकायच्या पद्धतीची, कार्डं तिसरीपर्यंतची. ती पुढे ठेवली की मोठ्या मुलाचा चेहरा पडतो, धाकटी बहीण तेच वाचत असते ना! आईवडील दिवसभर शेतात असतात, तेव्हा घरी सराव घ्या असं कृपया सुचवू नका. शाळेच्या वेळेत काय करता येईल ते सांगा.

प्रतिसाद, निपाणीकडून:

बाई, आधी एकेकाला वेगळं बसवून न पाहिलेला मजकूर द्या. अक्षर, शब्द, उतारा, गोष्ट, यांत कुठे थांबतो ते बघा. 'असर' या मुलांचं वाचन तपासणाऱ्या पाहणीच्या चाचणीत हेच टप्पे आहेत. मग रोज एक तास इयत्ता बाजूला ठेवून पातळीप्रमाणे गट करा. चौथी ते सहावीची मुलं एकत्र आली की कुणाला खाली बसवल्यासारखं वाटत नाही. मूल पुढे गेलं की गट बदला.

मजकूर त्यांच्याच तोंडचा घ्या. भाताची लावणी, गावची जत्रा, मूल सांगेल ती वाक्यं तशीच लिहा. तीही पाठ होतील, म्हणून शब्दांच्या पट्ट्या कापून मिसळा आणि नवी वाक्यं लावून घ्या. इथेच पाठांतर सुटतं.

'पुस्तक' दोन्ही लिप्यांत शेजारी लिहा. आवाज दोन्हीकडे आधी स्, मग त; बदलतं ते फक्त पूर्ण कोण लिहायचं एवढंच. मुलांनाच शोधू द्या. वेलांटी बोटाने झाकून आधी 'क' म्हणवा, मग बोट काढा.

अडलं तर लगेच शब्द सांगू नका, थोडं थांबून पहिला आवाज द्या. वर्गासमोर उभं करू नका, जोडीने वाचू द्या. आणि फळा नीट दिसतो का, तेही तपासून घ्या.

धागाकर्ती:

मनापासून आभार. पट्ट्या उद्यापासूनच सुरू करते. गटांच्या तासाला मी तीन इयत्तांची मुलं घेतली, तर उरलेल्या वर्गांकडे कोण बघायचं? आमच्याकडे शिक्षक कमी आहेत. तुम्ही कसं जमवता?